स्टिअरिंग फक्त बायकोच्याच हातात जड होतं

४ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. खातं माणसाला रिटायर करतं, मेंदूला नाही. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्ट शोधण्यात गेलं. आता शोधायला उरले ते घरातल्या माणसांमधले फॉल्ट, आणि ते तोंडावर सांगितले की जेवणात मीठ कमी पडतं. म्हणून लिहून ठेवणार. वाचक एकच, मी. दर्जाची चिंता नाही.
संकल्प: रोज लिहिणे. सहाला उठणे. कुणालाही तुच्छ न लेखणे (मूर्ख वगळून).

५ मार्च, बुधवार, सकाळी पावणेनऊ
सहाला उठणे उद्यापासून.
बायकोला बढती मिळाली आहे. टेकडीपलीकडच्या नव्या शाळेत मुख्याध्यापिका. तिकडे बस जात नाही. एक तारखेला हजर व्हायचं, नाही जमलं तर जागा दुसऱ्या बाईंना. म्हणून आमच्या बाई त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकताहेत. सत्तावीसला लायसन्सची टेस्ट. मी म्हटलं, एवढा आटापिटा कशाला, मी सोडत जाईन. ती म्हणाली, शाळा सातला भरते. मी म्हटलं, मग? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आत गेली. बोलणं अर्धवट सोडायची तिला सवयच आहे.
शिकवतोय कोण, तर तिचा धाकटा भाऊ. या मेहुण्याला गाडीतलं एवढंच कळतं की हॉर्न मधोमध असतो. मी शिकवायला तयार होतो. एक दिवस शिकवलंही. क्लच या विषयाची पूर्वपीठिका चालू असताना तिने विचारलं, गाडी सुरू कधी करायची? अशा विद्यार्थ्याचं काय करणार!

६ मार्च, गुरुवार
डबी आली. ऑनलाइन मागवली होती. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. स्टिअरिंगखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं, गॅरेजवाले त्यात आपलं यंत्र लावून गाडीची नाडी बघतात. डबी त्याच सॉकेटात खोचायची. मग गाडी कुठे गेली, किती वेगाने, ब्रेक कितीदा करकचून दाबला, सगळं माझ्या मोबाइलवर. शेवटी शंभरपैकी मार्क.
बायकोला सांगितलेलं नाही. विद्यार्थ्याला परीक्षक दिसला की तो नैसर्गिक वागत नाही. डबीवर निळा दिवा लुकलुकतो, त्यावर काळी टेप लावली. याला हेरगिरी म्हणणारे लोक असतात. मी निरीक्षण म्हणतो.

८ मार्च, शनिवार
डबीचा पहिला रिपोर्ट: एक्क्याण्णव मार्क. डबी उदार दिसते. शाळेत बाई स्वतः मार्क वाटतात, तीच हवा डबीला लागली असावी.

९ मार्च, रविवार
बाई घामाघूम होऊन परत आल्या. म्हणाल्या, वळणावर पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड झालं, दोघांनी मिळून ओढलं तेव्हा गाडी वळली. मेहुणा म्हणाला, भाऊजी, म्हैस वळवल्यासारखं वाटलं. त्याने आयुष्यात कधी म्हैस वळवलेली नाही.
मी म्हटलं, हातात जोर हवा. ती म्हणाली, परवापर्यंत एका बोटाने फिरत होतं. मी म्हटलं, परवा तू सरळ रस्त्यावर असशील.

११ मार्च, मंगळवार
पुन्हा दिवा. आता विषय माझ्या हातात घेतला. इंटरनेटवर वाचलं. खूश झालो, कारण हा माझाच विषय निघाला. हल्लीच्या स्टिअरिंगमध्ये तेल नाही, मोटर असते. गाडीत छोटे छोटे कॉम्प्युटर, आणि सगळे दोन वायरींच्या एकाच लाइनवर बोलतात. स्टिअरिंगचा कॉम्प्युटर विचारतो, वेग किती? इंजिनवाला सांगतो. मग हा ठरवतो, बाईंना किती मदत करायची. लाइनवर कुणी मध्येच बडबड केली की उत्तर ऐकू येत नाही. मग स्टिअरिंगवाला हात वर करतो, दिवा लावतो, मोटर बंद. म्हणजे कम्युनिकेशन फॉल्ट. ज्याने चाळीस हजार लाइनी सांभाळल्या त्याच्यापुढे दोन वायरी!
संकल्प: रविवारपर्यंत फॉल्ट काढणे. गॅरेजला एक छदामही न देणे.

१३ मार्च, गुरुवार
मल्टिमीटर माळ्यावरून काढला. माळ्यावरून उतरताना स्टुलाने दगा दिला. स्टूल मेहुण्याने भेट दिलेलं आहे.
लाइन मोजायची ती त्याच गुडघ्याजवळच्या सॉकेटात. डबी काढल्याशिवाय मीटरच्या सुया जात नाहीत, म्हणून डबी काढली. दोन वायरींमध्ये साठ ओहम आले पाहिजेत. आले साठ. बरोब्बर साठ. दोनदा मोजलं. व्होल्टेज चोख, अर्थिंग चोख. गाडी सुरू करून स्टिअरिंग फिरवलं, लोण्यासारखं. मीटर आवरला, डबी पुन्हा खोचली.
लाइन निर्दोष. तक्रार खोटी. खात्यातसुद्धा निम्म्या तक्रारी अशाच असत. रिसीव्हर नीट ठेवायचा नाही आणि एक्स्चेंजच्या नावाने बोंब मारायची.
संध्याकाळी बाई चालवायला गेल्या. पिवळा दिवा. काय म्हणावं!

१५ मार्च, शनिवार
बाईंनी हट्टच धरला म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. दुकान म्हणजे वायरींचं जंगल, मध्ये एक खुर्ची, खुर्चीवर तो, कानाला मोबाइल. तो कायम कुणाला तरी सांगत असतो की दहा मिनिटांत निघालोच.
निघण्यापूर्वी डबी काढून खिशात ठेवली. घरातली गोष्ट घरात.
त्याने आपलं यंत्र लावलं. विचारलं, साहेब, गाडीत नवीन काही बसवलंय का? कॅमेरा, म्युझिक, काही? मी म्हटलं, काही नाही. हे सत्य आहे. डबी बसवलेली नाही, खोचलेली आहे. तो म्हणाला, जुने कोड दिसताहेत, कम्युनिकेशनचे, पण आत्ता सगळं ठीक चाललंय. चक्कर मारून आला. म्हणाला, मस्त आहे, पुन्हा झालं की दिवा चालू असतानाच आणा.
म्हणजे फॉल्टने याची वेळ घेऊन यायचं. अडाणी!
घरी येऊन डबी पुन्हा खोचली.

१६ मार्च, रविवार
पिवळा दिवा. टेकडीच्या चढावर. बाईंच्या तळहाताला फोड आलाय. मेहुणा म्हणाला, भाऊजी, काल तुम्ही नेलीत तेव्हा नव्हता ना दिवा? मी म्हटलं, नव्हता. तो विचारात पडला. त्याला विचारात पडलेलं पाहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, पण त्यातून काही निघालं नाही.

१८ मार्च, मंगळवार
आज शास्त्रीय पद्धतीने विचार केला.
मी मीटर लावला तेव्हा: फॉल्ट नाही. मी दुकानात नेली तेव्हा: फॉल्ट नाही. मी काल भाजी आणायला नेली (माझ्या स्वतःच्या चालवण्याला निरीक्षणाची गरज नाही, म्हणून डबी काढून ठेवली होती): फॉल्ट नाही. बायको चालवते तेव्हा: दरवेळी फॉल्ट.
निष्कर्ष लहान मुलालाही कळेल. फॉल्ट गाडीत नाही.
रात्रीच्या जेवणात निष्कर्ष सौम्य शब्दांत मांडला. म्हटलं, काही माणसं आणि काही यंत्रं यांचं जमत नाही, त्यात कमीपणा नाही. तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, त्यांना कळवून टाकू का, जागा दुसऱ्या बाईंना द्या म्हणून? मी म्हटलं, घाई नको, पण विचार कर. तिने वाद घातला नाही. याचा अर्थ पटलं असावं.
पाणी प्यायला उठलो तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती. पातेल्यावरचं झाकण दोन्ही हातांत धरून डावीकडे, उजवीकडे फिरवत होती. मला पाहून झाकण खाली ठेवलं. मी पाणी न पिताच परतलो. तहान नसावी.

२० मार्च, गुरुवार
तरी माझा स्वभाव असा की प्रयत्न सोडवत नाही. स्टिअरिंगचा आणि आजूबाजूचे फ्यूज काढले, पुसले, बसवले. तीन-चार कनेक्टर उघडून जुन्या टूथब्रशने घासले. बॅटरीचे क्लॅम्प घासले. टूथब्रश जुना नव्हता असं नंतर कळलं. ज्याने त्याने आपला ब्रश ओळखू येईल अशा जागी ठेवावा.
गाडी सुरू केली. हॉर्न वाजेना. मेहुण्याचं गाडीविषयीचं सगळं ज्ञान एका क्षणात निकालात. त्याने फ्यूजच्या पेटीत डोकावून हॉर्नचा फ्यूज शेजारच्या खाचेत गेल्याचं दाखवलं. योगायोग. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.
दिवा: आहेच.

२२ मार्च, शनिवार, दुपारी
आता प्रात्यक्षिक. जाहीर केलं की उद्या सकाळी मी स्वतः टेस्टच्या रस्त्याने गाडी चालवणार, बाईंनी शेजारी बसून पाहायचं. हात कुठे, नजर कुठे, वळणाआधी मन कसं शांत ठेवायचं. डबी लावूनच चालवणार. शंभर मार्क म्हणजे काय असतं ते रेकॉर्डवर राहू दे. बाई बघतीलच, डबीलाही कळू दे.

२३ मार्च, रविवार
गेटचा खांब चुकीच्या जागी आहे. घर बांधतानाच मी म्हटलं होतं.
तपशील: गाडी गेटातून बाहेर काढली, डावीकडे वळवायला घेतली. पिवळा दिवा. स्टिअरिंग जागच्या जागी गोठलं. मी ओढलं, अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. ब्रेक दाबला, पण थोडा नंतर. बंपर डाव्या बाजूने आत. खांबावरची नावाची पाटी खाली, टाइलचा नेमका माझ्या नावाचा तुकडा उडाला. समोरच्या गॅलरीतून शेजारी पाहत होते. त्यांना एरवी घरात काही उद्योग नसतो.
बायकोने विचारलं, लागलं का तुम्हाला? मी म्हटलं, मन शांत ठेवायचं असतं. ती हसली नाही. त्यासाठी तिला मार्क.
डबीचा रिपोर्ट: अडतीस. डबी बिघडली आहे.
नवा निष्कर्ष: पंधरा दिवस तिच्या हाताखाली राहून गाडीला वाईट सवय लागली. आता ती माझ्यावरही काढते.

२३ मार्च, रात्री (पुरवणी)
जेवताना बाईंनी हातातला घास खाली ठेवला. मग एकदम बोलायला लागल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. म्हणाल्या, म्हणजे माझे हात नव्हते. मग म्हणाल्या, एखाद्या वर्गात अचानक गोंधळ वाढला की मी ओरडत नाही, मी आधी बघते वर्गात नवीन कोण आलंय. जुनी मुलं वर्षभर नीट बसलेली असतात, एका नव्यामुळे सगळे बिघडतात. गाडी आठ तारखेपर्यंत नीट होती. तर गाडीत नवीन कोण आलंय?
मी म्हटलं, गाडी म्हणजे वर्ग नव्हे.
ती माझ्याकडे पाहत राहिली. तीस वर्षं मुलांकडे पाहून झालेली नजर आहे ती. मी वरण पुन्हा मागितलं. वाटीत होतंच.
संकल्प: उद्या पहाटे कुणी उठायच्या आत डबी काढून घेणे.

२४ मार्च, सोमवार, सकाळी साडेआठ
किल्ली बाईंच्या पर्समध्ये. पर्स बाईंबरोबर शाळेत.

२५ मार्च, मंगळवार
संध्याकाळी बाईंनी गाडी धुतली. टेस्टचा इन्स्पेक्टर शेजारी बसणार म्हणून आतूनही झाडली. मॅट काढून झटकले, ब्रश घेऊन सीटच्या खाली, स्टिअरिंगच्या खाली. मी गॅलरीतून म्हटलं, अगं राहू दे, खाली मी करतो. ती म्हणाली, झालंच आहे. बराच वेळ खाली वाकून होती. वर आली तेव्हा चेहरा नेहमीसारखाच. हात धुतले, चहा ठेवला, मलाही दिला. काही बोलली नाही. वाचलो.
डबी दुपारपर्यंत नीट रिपोर्ट देत होती. संध्याकाळपासून मोबाइलवर येतंय, गाडीशी संपर्क नाही. नेटवर्क! आमच्या वेळी अशी लाइन तासाभरात दुरुस्त व्हायची.
मेहुणा म्हणाला, भाऊजी, संध्याकाळी टेकडीवर दोनदा गेलो, दिवा नाही काही नाही. मी म्हटलं, टूथब्रशचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

२७ मार्च, गुरुवार
पास. पहिल्या फटक्यात. मेहुण्याने फोनवर एवढ्या मोठ्याने सांगितलं की फोनची गरज नव्हती. इन्स्पेक्टर म्हणाला म्हणे, बाई, तुमचं वळण फार सफाईदार आहे. स्टिअरिंग पिसासारखं हलकं.
श्रेय कुणी दिलं नाही. कनेक्टर घासणारा माणूस नेहमी पडद्यामागेच राहतो. मी मात्र अभिनंदन केलं. ती म्हणाली, थँक यू. दोनच शब्द. पास झाल्याचा पेढा माझ्या आधी मेहुण्याला.

२९ मार्च, शनिवार
बाई खूश आहेत. घरात शिट्टी वाजवतात. तीस वर्षांत मला माहीत नव्हतं की हिला शिट्टी वाजवता येते.
डबी: गाडीशी संपर्क नाही. किल्ली अजून पर्समध्येच.

३१ मार्च, सोमवार
उद्या ती हजर होणार. साडी इस्त्री करून ठेवली आहे. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, मी सोडायला येतो. ती म्हणाली, नको, झोपा तुम्ही.
संकल्प: उद्या सहाला उठून निरोप देणे. खरोखर. अलार्म तीन लावले आहेत.

१ एप्रिल, मंगळवार, सकाळी पावणेनऊ
तिन्ही अलार्म मोबाइलवर दिसताहेत, कुणीतरी बंद केलेले. मीच असेन.
गाडी जागेवर नाही. नाश्ता झाकून ठेवलेला. जेवणाच्या टेबलाच्या बरोब्बर मधोमध डबी. काळी टेप सोलून काढलेली, नीट घडी करून शेजारी ठेवलेली.
तिच्या जुन्या शाळेत एक जप्तीचं टेबल होतं. मुलांकडून सापडलेलं सगळं त्यावर. गलोल, पत्ते, एकदा जिवंत बेडूक. ती कुणाला बोलावत नसे, ओरडत नसे. ज्याचं आहे त्याने स्वतः यायचं, काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं आणि वस्तू घेऊन जायची. मी तिला कितीदा म्हटलं, असल्या पद्धतीने शिस्त लागते होय! ती म्हणायची, लागते. काहींना एक दिवस लागतो, काहींना वर्ष.
मी मूल नाही. मी डबीला हात लावला नाही.

२ एप्रिल, बुधवार
संध्याकाळी ती आली तेव्हा तोंड भरून बोलत होती. शाळेत चिंचेएवढी मुलं आहेत, एक शिपाई आहे तो गातो, टेकडीवरून सकाळी सगळं गाव दिसतं. भावाला फोन करून सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. पेपर कालचा होता.
टेबलावर ताटं मांडली, डबीच्या दोन्ही बाजूंना. डबी तशीच. वाटी सरकवताना तिने डबीला वळसा घातला.
सांगायला गेलं तर माझ्याकडे उत्तर तयार आहे. सुरक्षितता. काळजी. तुझ्यासाठीच. विचारलं तर सांगेन. ती विचारत नाही.

३ एप्रिल, गुरुवार, सकाळी सहा
आज उठलो. अलार्मशिवाय. झोपच लागली नव्हती.
तिने चहा दिला, पर्स घेतली, किल्ली घेतली. मी म्हटलं, अगं. ती थांबली, दारात, चपला घालता घालता. पूर्ण थांबली. मी म्हटलं, गाडीत पेट्रोल आहे का? ती म्हणाली, आहे.
खिडकीतून पाहिलं. गेटाशी गाडी डावीकडे वळली, खांबापासून चांगलं अंतर ठेवून, एका हाताने. दिवा लागला नसणार. लाइनवर आता मध्ये कुणी बडबड करत नाही.
टेबलापाशी बसलो आहे. डबी समोर. फॉल्ट कळला, तो नऊ तारखेलाच कळायला हवा होता. मीच तो खोचला, आणि दोन आठवडे तिला म्हणत राहिलो की तुझ्या हातात जोर नाही. हे वाक्य इथे लिहिता आलं, तोंडाने येत नाही.
साठ ओहम. व्होल्टेज चोख. लाइन एकदम स्वच्छ आहे. पलीकडे ती रिसीव्हर उचलून बसली आहे, मला माहीत आहे. बोलायचं मलाच आहे.
संकल्प: संध्याकाळी.